पुस्तकांना पुन्हा पुन्हा कीड लागते? आधी कूलर आणि मागची भिंत तपासा

तक्रार बहुतेक घरांत सारखीच असते. दसरा-दिवाळीच्या आवराआवरीत कपाट रिकामं केलं, पुस्तकांना दिवसभर ऊन दिलं, फळ्यांवर स्प्रे मारला, कोपऱ्यांत डांबरगोळ्या टाकल्या. वर्ष सरायच्या आत पुन्हा कुठे पान खरवडलेलं, कुठे पुठ्ठ्यावर पांढरट बुरशी, कुठे फळीवर पिठासारखी पूड. मग औषध बदलतं, दुकान बदलतं, कीड मात्र येतच राहते.

यात औषधाचा दोष कमी असतो. घरातल्या पुस्तकांवर येणाऱ्या किडी मुख्यतः चार. प्रत्येकीची यायची वाट वेगळी, आणि त्यांतल्या दोन किडी आणि बुरशी ओलीवरच जगतात. ओल तशीच ठेवून मारलेल्या औषधाचा गुण महिना-दोन महिने टिकतो, पुढे नाही. मराठवाड्यात कसली आलीय ओल, असं वाटणं साहजिक आहे. वर्षाचा सरासरी पाऊसच सातशे मिलिमीटरच्या आसपास. पण कपाटातली हवा मे महिन्यातही ऑगस्टइतकी दमट असू शकते. कशी, ते पुढे येईल.

आधी खूण बघा, मग कपाट रिकामं करा

टॉर्च घेऊन सर्वांत खालची फळी, कपाटाची पाठ आणि पुस्तकांचे कणे नीट बघा. एकदा सगळं झटकून टाकलं की नक्की काय लागलं होतं ते कळायची सोय राहत नाही.

पानाचा वरचा थर खरवडल्यासारखा, कडा वेड्यावाकड्या कुरतडलेल्या, कव्हरची चकाकी जागोजागी उडालेली, कण्यावरची चिठ्ठी अर्धी खाल्लेली: ही कसर. चंदेरी, चपटी, सेंटीमीटरभर लांब, शेपटीला तीन बारीक तंतू. दिवा लावला की सरकन फटीत शिरते. तिला कागदापेक्षा खळ आवडते, म्हणून जुन्या बांधणीची पुस्तकं आधी बळी पडतात. तिच्या अंड्यांतून पिल्लं निघायला काही आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत वेळ लागतो. फवारणीने मोठ्या किडी मरतात आणि फटीतली अंडी राहतात.

पुस्तक उघडल्यावर टाचणीच्या डोक्याहून लहान, पांढुरके जीव पानावर धावताना दिसले तर त्या पुस्तकातल्या उवा. त्या कागदाचं फारसं बिघडवत नाहीत. त्यावरची डोळ्यांना न दिसणारी बुरशी खातात. म्हणजे त्या दिसल्या तर बुरशी आधीच धरलेली आहे. यांच्यासाठी औषध आणूच नका. हवा कोरडी झाली की त्या मरतात.

कव्हरपासून आत सरळ गेलेली एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं आणि खाली बारीक पूड असेल, तर भुंग्याची अळी. भोक पुस्तकात आहे की फळीच्या लाकडात, हे इथेच तपासून घ्या, कारण दोन्हींचे भुंगे वेगळे आणि उपायही वेगळे.

भिंतीवरून किंवा कपाटाच्या पायावरून चढलेली मातीची ओळ, आणि बाहेरून धड दिसणारं पण हातात घेतल्यावर आतून मातीने भरलेलं पुस्तक, ही वाळवी. हे दिसलं तर मधलं सोडून थेट वाळवीच्या भागाकडे जा. तिथे आठवड्याची दिरंगाई म्हणजे एक फळी.

ओल मोजा

तीन-चारशे रुपयांत मिळणारा डिजिटल हायग्रोमीटर (हवेची आर्द्रता मोजायचं यंत्र) आणा. तो खोलीच्या मध्यभागी टांगू नका. पुस्तकांच्या मागे, पाठीला लागून ठेवा. आठवडाभर सकाळी, दुपारी तीनला आणि झोपताना आकडा लिहा. ४५ ते ६० टक्के आर्द्रता कागदाला मानवते. ६५ च्या वर सलग काही दिवस राहिली की बुरशीची सुरुवात होते, आणि ७५ च्या पुढे कसर सुखाने अंडी घालते.

आकडा जास्त आला तर ओल भिंतीतून येते की हवेतून, ते ठरवायची सोपी चाचणी आहे. कपाटामागच्या भिंतीवर फूटभर लांब-रुंद पॉलिथिनचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून २४ तास राहू द्या. भिंतीकडच्या बाजूने दव धरलं तर भिंत ओली आहे. खोलीकडच्या बाजूने धरलं तर हवा दमट आहे. दोन्ही बाजूंनी धरलं तर दोन्ही कामं करावी लागतील, आणि भिंतीपासून सुरुवात करावी.

उन्हाळ्यातला पावसाळा: कूलर

इथे मराठवाड्याचा प्रश्न कोकणापेक्षा वेगळा होतो. बाहेर ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तेव्हा कूलरमधून निघणारी हवा साधारण २७-२८ अंशांची असते आणि तिची आर्द्रता ७० ते ७५ टक्क्यांवर गेलेली असते. कूलर खोलीच्या आत स्टँडवर आणि दार-खिडक्या बंद असतील, तर तीच ओली हवा पुन्हा वाळ्याच्या किंवा गवताच्या जाळीतून फिरते आणि खोली ८० च्या पुढे जाते. मार्चअखेर ते जून असा रोज सात-आठ तास हा पावसाळा पुस्तकांवर चालू असतो. त्यानंतर खरा पावसाळा येतो. दिवाळीत मारलेलं औषध तोवर कधीच संपलेलं असतं, आणि ओलीचे हे सहा-सात महिने कसरीला पुरून उरतात.

कूलर बंद करा, असं परभणी-नांदेडच्या मे महिन्यात कुणालाही सांगण्यात अर्थ नाही. त्याऐवजी:

कूलर खिडकीत बसवा, म्हणजे तो बाहेरची कोरडी हवा ओढेल. समोरची खिडकी किंवा दार वीतभर उघडं ठेवा. ओली हवा बाहेर जायला वाट नसेल तर थंडावाही येत नाही, नुसता चिकचिकाट होतो. शक्य असेल तर त्या बाजूला एक्झॉस्ट पंखा लावा. कूलरचा झोत पुस्तकांच्या कपाटावर सरळ येऊ देऊ नका. कूलर बंद करण्याआधी अर्धा तास पाण्याचा पंप बंद करून नुसता पंखा चालवा. जाळीही वाळते आणि खोलीही. कपाटाला काचेची दारं असतील तर कूलर चालू असताना ती मिटलेली आणि सकाळी कोरड्या वेळी तासभर उघडी, हा क्रम ठेवा. बहुतेक घरांत नेमकं उलटं चालतं: दिवसभर उघडी आणि रात्री बंद, म्हणजे दिवसाची ओल आत कोंडून.

हे काहीच जमणार नसेल तर पुस्तकं कूलर नसलेल्या खोलीत हलवा. तिथे मे महिन्यात ३८-४० अंश असतील आणि इतक्या उष्णतेने कागद पिवळा पडायचा वेग वाढतो हे खरं. पण उष्णतेचं नुकसान वर्षानुवर्षांत दिसतं, बुरशीचं तीन आठवड्यांत. दोन्हींतून निवडायचं तर कोरडी उष्ण खोली बरी. फक्त ती पत्र्याखालची किंवा गच्चीच्या स्लॅबखालची, दुपारभर तापणारी नको.

भिंत

पश्चिमेची बाहेरची भिंत, न्हाणीघराला लागून असलेली भिंत आणि गच्चीच्या पन्हाळीखालची भिंत, या तीन भिंतींना कपाट लावू नका. रंग फुगलेला आणि खाली पांढरं मीठ सुटलेलं दिसतं, म्हणजे लोणा धरलेला, तिथे तर नाहीच. लोणा धरलेल्या भिंतीवर नुसता डिस्टेंपर मारून कपाट पुन्हा सरकवलं की दोन पावसाळ्यांत पाठीची प्लाय फुगते. आधी पाण्याचं मूळ शोधा: गच्चीची भेग, फुटलेला पाइप, बाहेरून भिंतीला टेकलेली माती. मूळ थांबवून गिलावा खरवडा, एक उन्हाळा भिंत वाळू द्या, मगच नवा गिलावा.

चांगल्या भिंतीपासूनही कपाट पाच ते सात सेंटीमीटर पुढे असावं. हात जाईल एवढी ही फट दोन कामांची: हवा खेळते आणि वाळवीची ओळ दिसते. पाय दहा ते पंधरा सेंटीमीटर उंच हवेत, म्हणजे फरशी पुसायचं पाणी खालच्या फळीला लागत नाही आणि झाडू आत जातो. सुतार बहुधा खाली पट्टी मारून ते बंद करून देतात. दिसायला बरं, पण आतली धूळ आणि किडीची वस्ती कधी दिसत नाही. पट्टी नको म्हणून आधीच सांगा.

वाळवी

वाळवी कपाटात जन्माला येत नाही. तिचं वारूळ जमिनीत असतं आणि पुस्तक ही तिची जेवायची जागा. म्हणून कपाटावर फवारून ती थांबत नाही; मातीची नळी मोडली की दुसऱ्या फटीतून येते.

आपल्याकडे तिला वाट मिळते ती काळ्या मातीमुळे. भारी जमीन उन्हाळ्यात आकसते आणि पायथ्याच्या जोत्यापासून सुटून बोटभर भेग पडते. पहिल्या पावसाचं पाणी त्या भेगेतून थेट पायात उतरतं. पावसात माती फुगते, फरशीला आणि भिंतीच्या सांध्याला बारीक तडे जातात. ओल आणि वाट दोन्ही एका वेळी तयार. त्यात मागच्या भिंतीला तुराट्या, पऱ्हाट्या, सरपण किंवा गोवऱ्या टेकवून ठेवल्या असतील तर वाळवीला घराजवळच खाणं मिळतं. आत कितीही औषध ओता, बाहेरचा हा ढीग हलेपर्यंत काम अर्धंच.

काम कुठल्या क्रमाने करावं:

१. नळी चालू आहे का ते बघा. मधला दोन इंच भाग मोडून दोन दिवस थांबा. पुन्हा लिंपून घेतली तर चालू आहे. सगळी नळी लगेच पुसून टाकू नका. ती फरशीच्या कोणत्या सांध्यातून निघते ते शोधण्यासाठी तीच खूण आहे.

२. पुस्तकं काढून पांढऱ्या चादरीवर मोकळी करा. माती भरलेली पुस्तकं वेगळी, अंगणात झटका. खाल्लेलं परत येत नाही. पण पोकळ झालेलं पुस्तक पुन्हा फळीवर ठेवू नका, त्यात जिवंत वाळवी राहू शकते.

३. बाहेरचा ढीग भिंतीपासून दूर न्या. भिंतीलगतची फुलझाडांची वाफ्याची जागा बंद करा. घराभोवती दोन-अडीच फुटांची बाहेर उतार असलेली काँक्रीटची पट्टी करून घेतली तर भेगेचा आणि पाण्याचा प्रश्न एकदम सुटतो. खर्च आहे, पण औषधाच्या फेऱ्यांपेक्षा टिकाऊ.

४. घराच्या आत, फरशी आणि भिंत मिळतात त्या रेषेत १२ मिलिमीटरची भोकं, एकमेकांपासून ३० सेंटीमीटरवर. बांधलेल्या घरांतल्या वाळवीसाठीचं भारतीय मानक, आयएस ६३१३ चा तिसरा भाग, हीच पद्धत सांगतं. इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के एससी असेल तर लिटरभर पाण्याला २.१ मिलिलिटर. भोक औषध पितं तोवर ओता, पण एका भोकाला जास्तीत जास्त १ लिटर. नंतर भोकं पांढऱ्या सिमेंटने बुजवा. कपाटामागचीच भिंत करून थांबू नका. त्या खोलीच्या चारही बाजू घ्या, नाहीतर वाळवी शेजारच्या भिंतीतून येते.

५. पंधरा दिवसांनी आणि तीन महिन्यांनी कपाटामागच्या फटीतून टॉर्च मारून बघा.

हातमोजे, मास्क, मुलं-जनावरं बाहेर, अन्न झाकलेलं, हे सांगायला नकोच. घराला लागून आड, विहीर किंवा बोअर असेल तर हे काम स्वतः करू नका. औषध पाण्यात उतरू शकतं. पुस्तकांवर हे औषध कधीही नाही, पातळ करूनही नाही.

माळवदाच्या, दगड-मातीच्या घरांत गोष्ट अवघड होते. वाळवी खालूनही येते आणि वरच्या लाकडातून-मातीतूनही उतरते, आणि मातीच्या भिंतीत ओतलेलं औषध कुठे जातं याचा भरवसा नाही. तिथे भिंतीतल्या देवळीत किंवा फडताळात पुस्तकं ठेवायचा मोह आवरा. चारही बाजूंनी मोकळा लोखंडी रॅक, भिंतीपासून फूटभर पुढे, हा एकच उपाय आम्हाला खात्रीचा वाटतो. आणि लोखंडी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. वाळवी लोखंड खात नाही, पण त्यावरून मातीची नळी बांधत वर जाते.

पूड पाडणारा भुंगा

पुस्तकात भोकं असतील तर शेजारच्या खोलीत काय साठवलंय ते आधी बघा. वर्षाचं तिखट, धने, हळद यांत होणारा बारीक तपकिरी भुंगा आणि पुस्तकं पोखरणारा भुंगा बहुतेक वेळा एकच असतो. मागच्या खोलीत एका बाजूला धान्याच्या कोठ्या आणि मसाल्याचे डबे, दुसऱ्या बाजूला पुस्तकांचं कपाट, ही मांडणी अनेक घरांत आहे, आणि कीड परत यायचं हे सर्वांत दुर्लक्षित कारण आहे. ज्वारी-तांदळातल्या सोंड्यांना मात्र दोष देऊ नका. ते कागदाला तोंड लावत नाहीत.

एक इशारा इथेच. धान्यात ठेवायची अॅल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी पुस्तकांच्या कपाटात टाकणारे लोक आहेत. तिच्यातून निघणाऱ्या फॉस्फिन वायूने बंद खोलीत झोपलेली माणसं दगावतात. घरात ती गोळी कुठल्याही कारणासाठी नको.

भोकं पडलेल्या पुस्तकासाठी घरात करता येणारा पक्का उपाय म्हणजे गोठवणं. पुस्तक कोरडं आहे याची खात्री करा, जाड पॉलिथिन पिशवीत घाला, हवा दाबून काढा, तोंड चिकटपट्टीने बंद करा. उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडू नका. लगेच उघडली तर दव थेट कागदावर धरतं. एकदारी फ्रिजचा बर्फाचा कप्पा इतका थंड राहीलच असं नाही, त्यामुळे दोनदारी फ्रिज किंवा डीप फ्रीझर हवा.

पूड लाकडातून पडत असेल तर फळी बाभळीची किंवा आंब्याची, आणि तीही बाहेरच्या पांढऱ्या कच्च्या लाकडाची असण्याची शक्यता दाट. एक-दोन फळ्यांचाच प्रश्न असेल तर त्या बदला. कपाट जपायचं असेल तर लाकूड-संरक्षक द्रव सिरिंजने भोकाभोकात सोडून भोकं मेणाने बंद करा, आणि वास जाईपर्यंत महिनाभर पुस्तकं लांब ठेवा. रॉकेल चोळू नका. डाग पडतो, वास पुस्तकांना लागतो आणि आगीचं भय वेगळंच.

साफसफाई: ऊन नको, सावली

पुस्तकांना कडक ऊन देण्याची सवय मोडली पाहिजे. उन्हाने कसर पळते, अंडी मरतीलच असं नाही. आणि पुठ्ठा वाकतो, शाई फिकी होते, फक्त गोंदावर चिकटवलेल्या पुस्तकांचे कणे तडकतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत आपल्याकडची हवा आपसूकच कोरडी असते. सावलीच्या व्हरांड्यात, पानं पंख्यासारखी उघडून उभी ठेवलेली पुस्तकं चार-पाच तासांत पुरेशी वाळतात.

बुरशी असेल तर आधी वाळवा, मग पुसा. ओल्या बुरशीवर फडकं फिरवलं की ती कागदात घासली जाते. एन-९५ मास्क लावून, घराबाहेर, मऊ रुंद ब्रशने कण्याकडून बाहेरच्या कडेकडे. मागे राहिलेले तपकिरी ठिपके जात नाहीत; ते घालवण्यासाठी ब्लीच वगैरे लावू नका. रिकामं कपाट व्हॅक्यूम करा, सांधे आणि खिट्टीची भोकं लांब नोझलने. मग कपाटाच्या मागे आणि खाली, पुस्तकांना लागणार नाही अशा जागी, बोरिक पावडरचा अगदी पातळ थर. ढीग घातला तर कसर वळसा घालते. रांगणारं मूल असलेल्या घरात पावडर नको, चिकट सापळे लावा.

डांबरगोळ्या उघड्या रॅकवर नुसता वास देतात. बंद कपाटात त्यांची वाफ साठते ती माणसालाच त्रास देते, आणि प्लास्टिकचं कव्हर चिकट होतं. कडुलिंबाचा पाला ठेवायचा तर कडकडीत वाळलेला. ओलसर पाला म्हणजे आपण हाताने आत ठेवलेली ओल. बूट-औषधांच्या डब्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांचाही भ्रम नको. चार फुटी कपाटाला त्यांचा परिणाम शून्य. तिथे हिशोब किलोंचा असतो, तोही दारं घट्ट मिटत असतील तरच.

कपाट नवं करत असाल तर

फळी वाकणं ही दुसरी नित्याची तक्रार, आणि तिचं कारण एकच असतं, लांबी. उभ्या लावलेल्या मराठी पुस्तकांचं वजन मीटरला २० ते ३० किलो होतं, कोशांचं त्याहून जास्त. फळीची लांबी दुप्पट केली की, मीटरमागे वजन तेच असताना, वाक सोळा पट होतो. म्हणून तीन फुटी फळी करून मध्ये खिळे मारत बसण्यापेक्षा ३० इंचांवर थांबा. १८ मिलिमीटरची बीडब्ल्यूआर (ओल सोसणारी) प्लाय, पुढच्या कडेला दीड इंच उंच लाकडी पट्टी. भुशाचं दाबलेलं बोर्ड नको. ओल लागली की स्क्रू धरत नाही.

कपाट पुढून मागे १० इंच खोल पुरतं. ८ बाय ४ फुटांच्या एका शीटमधून १० इंची चार पट्ट्या निघतात आणि प्रत्येकीतून ३० इंची तीन, म्हणजे बारा फळ्या. नऊ मीटरच्या आसपास जागा झाली; सरासरी जाडीची साडेपाचशे पुस्तकं. डेमी, म्हणजे नेहमीच्या पुस्तकांच्या आकारासाठी दोन फळ्यांतलं अंतर २५-२६ सेंटीमीटर, सर्वांत खाली ३५. सनमायका लावायचा तर दोन्ही बाजूंनी. एका बाजूने लावला की फळी पिळते. सगळं झाल्यावर तीन-चार आठवडे कपाट उघडं ठेवा, गोंद आणि पॉलिशचा वास गेल्यावरच पुस्तकं लावा.

काचेची दारं आपल्याकडच्या धुळीसाठी हवीतच. पण पाठीला वर आणि खाली इंचाची दोन-दोन भोकं पाडून आतून बारीक जाळी मारा. एका फळीवर पुस्तकांच्या दोन रांगा लावू नका. मागची रांग वर्षभर कुणी हलवत नाही आणि कसर तिथूनच सुरू होते. पुस्तकं एवढी सैल हवीत की मधलं पुस्तक दोन बाजूंनी धरून सहज निघावं; वरून कणा ओढून काढायची वेळ आली तर दोन-तीन पुस्तकं कमी करा. दर्शनी ठेवायची, कव्हर दाखवणारी पुस्तकं खिडकीसमोर नकोत. लाल आणि पिवळा रंग सर्वांत आधी उडतो.

पाच फुटांहून उंच कपाट भिंतीला बांधा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवकडे हे वेगळं सांगावं लागत नाही, पण हिंगोलीच्या वसमत-कळमनुरी भागातही मार्च २०२४ मध्ये धक्के बसले आहेत. वरच्या दोन कोपऱ्यांना एल पट्टी आणि विटांच्या भिंतीत १० मिलिमीटरचा फिशर (स्क्रू धरणारी प्लास्टिकची गुल्ली). मागची फट राखण्यासाठी मध्ये लाकडी ठोकळा. दगड-मातीच्या भिंतीत फिशर धरत नाही. तिथे कपाटाची उंची चार फुटांवर ठेवा आणि जड कोश खालच्या फळीवर.

दिवाळी अंक आणि पोथ्या

दिवाळी अंकांचं दुखणं मधल्या पिनांत असतं. त्या गंजतात आणि गंज चार-सहा पानं खातो. जपायचे अंक असतील तर पिना सावकाश उघडून काढा आणि त्याच भोकांतून सुती दोरा ओवून गाठ मारा. आर्ट पेपरची पानं एकदा भिजून वाळली की वीट होते, सुटत नाहीत; भिजलेला अंक हाती लागला तर वाळायच्या आत पानापानात साधा कोरा कागद घाला. अंक आडवे, आठ-दहांच्या चळतीत. उभे ठेवले की कमरेत वाकतात. फाटलं तर सेलोटेप नको, तिचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन आरपार उतरतो.

सुट्या पानांच्या पोथ्या बासनात बांधायची जुनी रीत चांगलीच आहे. सुती कापड धूळ अडवतं आणि हवेची ओल थोडी स्वतःकडे घेते. फक्त ते कापड दरवर्षी धुऊन कडक वाळवा, आणि लाल रंग जात असेल तर आत पांढरं धुतलेलं सुती फडकं आधी गुंडाळा. बासनावर प्लास्टिकची पिशवी चढवू नका.

परत आली की नाही, कसं कळणार

जुनी पुस्तकं रद्दीवाल्याकडून किंवा छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातून आणली की थेट फळीवर लावू नका. बंद पिशवीत, खाली पांढरा कागद घालून, तीन ते चार आठवडे वेगळी ठेवा. कागदावर पूड किंवा काळे कण पडले तर फ्रीझर, नाही पडले तर ब्रश मारून आत.

कसरीसाठी काचेची छोटी बरणी घ्या, बाहेरून कागदी चिकटपट्टी गुंडाळा, आत पावाचा कोरडा तुकडा. पट्टीवरून कसर वर चढते, गुळगुळीत काचेवरून तिला बाहेर येता येत नाही. खालच्या फळीच्या दोन्ही टोकांना एकेक बरणी ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी मोजा. दोन्ही बरण्यांत सारखी भर पडत असेल तर आकडा हायग्रोमीटरशी जुळवून बघा, बहुधा खोलीचीच हवा दमट निघते. एकाच टोकाच्या बरणीत पडत असतील तर त्या बाजूची भिंत, तिथला स्विचबोर्ड आणि दाराच्या चौकटीमागची फट उघडून बघा. त्या सांध्यात पुट्टी भरली की पुढच्या दोन मोजण्यांत फरक दिसायला हवा.